जुन्या ट्रॅक्टरची अंगरचना व ओढीची जागा

ट्रॅक्टर हें यंत्र आतां आपल्या भागांत कोणास अपरिचित राहिलेलें नाहीं. शेंद्र्याच्या शिवारांतील बरीच जमीन कारखान्यांकडे गेली; तरी जी उरली आहे तिची नांगरट बहुतेक ट्रॅक्टरनेंच होते. कोणी स्वतःचा ट्रॅक्टर बाळगतो, तर कोणी भाड्यानें आणतो. परंतु एखादें यंत्र रोज दृष्टीस पडूं लागलें म्हणजे तें समजलें असें होत नाहीं. बैल कां अडला हें पाहतांक्षणीं ओळखणारा शेतकरी ट्रॅक्टर कां अडला हें पुष्कळदां ओळखत नाहीं, आणि अडलेलें यंत्र बाहेर काढण्याच्या घाईंत प्रसंग जिवावर बेततो. आमची सारी नोकरी महसुली दप्तरांत झाली. वारसाच्या फेरफारास जोडलेल्या कागदांत मृत्यूचें कारण 'ट्रॅक्टर उलटून' असें लिहिलेलें आम्हीं एकाहून अधिक वेळां वाचलें आहे. यास्तव ट्रॅक्टर कसा बनला आहे, व तो कोणत्या कारणानें उलटतो, याचा विचार या पाठांत करण्याचें योजिलें आहे.

यासाठीं आम्ही मुद्दाम जुना ट्रॅक्टर निवडला आहे. नव्या यंत्राचे भाग पत्र्याखालीं झांकलेले असतात. जुन्या यंत्रांत प्रत्येक भाग उघडा, व तो कशासाठीं आहे हें उघड दिसतें. शिवाय आजच्या ट्रॅक्टरांत जे गुण व जे धोके आहेत, त्यांपैकीं बहुतेकांचें मूळ शंभर वर्षांपूर्वींच्या यंत्रांत सांपडतें.

फोर्डसनचा जन्म

अमेरिकेंत हेन्री फोर्ड यांनीं 1917 मध्यें 'फोर्डसन' नांवाचा ट्रॅक्टर कारखान्यांतून बाहेर काढण्यास आरंभ केला. त्यापूर्वीं ट्रॅक्टर नव्हते असें नाहीं; परंतु ते अवजड, महाग, व मोठ्या जमीनदारांसच परवडणारे होते. त्या वेळीं पहिलें महायुद्ध चाललें होतें. जर्मन पाणबुड्यांमुळें इंग्लंडांत धान्य पोहोंचेना, घोडे व माणसें लढाईवर गेलेलीं, म्हणून तेथील सरकारनें पहिले कांहीं हजार ट्रॅक्टर मागविले. पुढें अमेरिकेंतील लहान शेतकऱ्यांनींही तो घेतला. 1918 मध्यें त्याची किंमत 750 डॉलर होती. ती उतरत उतरत 1922 मध्यें 395 डॉलरवर आली. अमेरिकेंत त्याचें काम 1928 मध्यें थांबलें, तोंपर्यंत सात लाखांहून अधिक नग बनले होते.

या यंत्राचें वजन सुमारें 2,700 रत्तल, म्हणजे सव्वाबाराशें किलो. शक्ति सुमारें 20 अश्वशक्तीची सांगत. आपल्या चांगल्या बैलजोडीची शक्ति एका अश्वशक्तीच्या आंतबाहेर धरतात. तरी वीस जोड्यांचें काम हा ट्रॅक्टर करी असें मात्र कोणी समजूं नये. चौदा-चौदा इंचांचे दोन फाळ तो ओढी, एवढेंच. शक्ति कोठें खर्ची पडे तें पुढें येईल.

सांगाडा

पूर्वींच्या ट्रॅक्टरांत गाडीच्या साट्याप्रमाणें लोखंडी चौकट असे, व तिच्यावर एंजिन, दांतेरी चाकें वगैरे स्वतंत्र बसवीत. फोर्डसनमध्यें ही चौकट काढूनच टाकली. एंजिनाचें बीड, त्यामागें गिअरची पेटी, व त्यामागें मागच्या आसाचें घर, हीं तीन ओतीव अंगें एकमेकांस बोल्टांनीं आवळलीं; त्यांचाच सांगाडा झाला. यांत तीन लाभ झाले. लोखंड कमी लागलें, किंमत उतरली, आणि सर्व दांते तेलांत बुडून बंद पेटींत राहिल्यामुळें धुळीपासून वांचले. फुफाट्याच्या प्रदेशांत या तिसऱ्या लाभाचें मोल किती आहे, हें सांगणें नको.

तोटा एकच. क्लचपर्यंत पोहोंचावयाचें तर ट्रॅक्टर मधून सोडवून त्याचे दोन तुकडे वेगळे करावे लागतात. हीच रचना पुढें बहुतेक सर्वांनीं उचलली असल्यामुळें आजही क्लचची चकती बदलतांना मिस्त्री ट्रॅक्टर मधून फोडतो. त्या कामाची मजुरी चकतीच्या मानानें भारी कां, याचा उलगडा या रचनेंत आहे. क्लचवर पाय ठेवून गाडी हांकण्याची संवय ज्यास आहे, त्यानें हें ध्यानांत ठेवावें.

एंजिन, ठिणगी, पाणी व हवा

एंजिनास चार सिलिंडर होते. प्रत्येकाचा व्यास 4 इंच, व दट्ट्याची धांव 5 इंच. मिनिटास हजार फेरे ही त्याची नेमलेली चाल. इंधन मुख्यतः रॉकेल. परंतु रॉकेलची वाफ थंडपणीं होत नाहीं. म्हणून आरंभीं पेट्रोलवर चालू करावयाचें, धुराची नळी तापून तिच्या उष्णतेनें रॉकेलची वाफ होऊं लागली म्हणजे कळ फिरवून रॉकेलवर आणावयाचें. थंड एंजिनास रॉकेल दिलें तर तें न जळतां खालीं उतरून वंगणाचें तेल पातळ करी, व बेअरिंगें झिजत.

ठिणगीसाठीं बॅटरी नव्हती. फ्लायव्हीलच्या अंगावर लोहचुंबक बसविलेले असत. तें फिरलें म्हणजे वीज उत्पन्न होई, व चार लहान गुंडाळ्यांच्या पेटींतून ती चारी सिलिंडरांस जाई. सुरू करण्यास पुढें हाताचें हँडल. एंजिन उलट ठोका मारी तेव्हां मनगट मोडण्याची धास्ती असे. म्हणून हँडल धरतांना आंगठा बोटांच्याच बाजूस ठेवावा, मुठीसारखा वळवूं नये, अशी शिकवण होती. हँडलनें सुरू होणारें जुनें तेल-एंजिन ज्यांच्या विहिरीवर आहे, त्यांस ही शिकवण अद्याप उपयोगी आहे.

पाणी खेळविण्यास पंप नव्हता. तापलेलें पाणी हलकें होऊन वर चढतें व थंड झालेलें खालीं उतरतें, या साध्या धर्मावर तें आपोआप फिरे. परंतु पाण्याची पातळी वरच्या नळीच्या तोंडाखालीं गेली कीं फेरा तुटे, व एंजिन तापून अडे.

हवा धुण्याची युक्ति तर ध्यानांत घेण्याजोगी आहे. एंजिनांत जाणारी हवा आधीं पाण्याच्या टाकींतून बुडबुड्यांच्या रूपानें नेत. धूळ पाण्यांत राही व हवा पुढें जाई. टाकींतलें पाणी वेळच्या वेळीं भरलें नाहीं तर तीच धूळ सिलिंडरांत जाऊन कानसेसारखी घांसत असे. पुढें पाण्याच्या जागीं तेल आलें, व आतां नव्या यंत्रांत कागदी गाळणी असते. साधन बदललें, पण नियम बदलला नाहीं: ट्रॅक्टरचें आयुष्य त्याच्या श्वासावर आहे. मळणीच्या दिवसांत हवेची गाळणी रोज पाहिली पाहिजे.

गति आणि चाकें

पुढें जाण्याच्या तीन गति व मागें येण्याची एक, अशी गिअरची योजना होती. नांगरटीची मधली गति ताशीं पावणेतीन मैलांची. एंजिनाचे जलद फेरे चाकांपर्यंत संथ करून पोहोंचविण्यास मागच्या आसांत मळसूत्रासारख्या आट्यांचा एक दांडा व त्यांत अडकणारें दांतेरी चक्र योजिलें होतें. एकाच टप्प्यांत वेग पुष्कळ उतरे, जागा थोडी लागे, व आवाजही कमी होई. परंतु दांतावर दांत लोटण्याऐवजीं येथें दांत घांसत जातो. त्यामुळें शक्तीचा एक हिस्सा उष्णतेंत जाई, आणि हांकणाऱ्याच्या बैठकीखालचें घर तापे. पहिल्या वर्षांच्या यंत्रांस ब्रेकही नव्हता.

चाकें सर्व लोखंडी. मागचीं 42 इंच व्यासाचीं, व त्यांवर जमीन धरण्यास आडवे दांते. कोरड्या जमिनींत हे दांते चांगले धरीत. चिकण जमीन ओली असली तर मात्र चिखल दांत्यांमध्यें भरून चाकाचा गुळगुळीत रूळ होई. आमच्या काळ्या रानांत वाफसा आल्याखेरीज बैल घालूं नये हा जो जुना दंडक आहे, तो लोखंडी चाकास दुप्पट लागू होता, व रबरी चाकासही तो सुटलेला नाहीं. कारण ओल्या रानांत जड यंत्र फिरलें म्हणजे जमीन खालीं दाबली जाऊन तवा धरते. हवा भरलेलीं रबरी चाकें 1932 पासून ट्रॅक्टरवर दिसूं लागलीं.

अमेरिकेंतील नेब्रास्का संस्थानानें 1919 मध्यें कायदा करून विक्रीस येणाऱ्या ट्रॅक्टरांची परीक्षा आवश्यक केली. 1920 मध्यें तेथें फोर्डसन तपासला, तेव्हां पट्ट्यावर जी शक्ति मिळाली तिच्या निम्म्याच्याच आसपास प्रत्यक्ष ओढीस मिळाली. उरलेली शक्ति आट्यांच्या घर्षणांत, चाकांच्या घसरण्यांत, व स्वतःचें वजन मऊ जमिनींतून वाहण्यांत गेली. म्हणून ट्रॅक्टर घेतांना अश्वशक्तीच्या आंकड्यावर न भुलतां ती चाकापासून जमिनीपर्यंत किती पोहोंचते हें विचारावें.

उलार होण्याचें कारण

आतां पाठाचा मुख्य भाग. फोर्डसनची एक अपकीर्ति पसरली, ती ही कीं तो पुढून उठतो व मागें उलटतो. नांगराचा फाळ खडकांत किंवा मुळांत अडकला, चाकांची पकड सुटली नाहीं, आणि हांकणाऱ्यानें क्लच दाबण्यास क्षणाचा उशीर केला, कीं पुढचीं चाकें आकाशाकडे जात व यंत्र हांकणाऱ्याच्या अंगावर येई. पुढें मागच्या चाकांवर लांब शेपटीचे पत्रे बसविले, ते यंत्र उठूं लागल्यास जमिनीस टेकावे म्हणून.

हें कां होतें, तें बैलगाडी हांकणारास सहज समजेल. गाडींत माल मागल्या अंगास जास्त भरला म्हणजे जूं वर उचलतें व बैलांचे गळे आवळतात. गाडी उलार झाली असें आपण म्हणतों. ट्रॅक्टरही उलारच होतो. फरक इतकाच कीं गाडींत मागचा भार खालीं दाबतो, आणि ट्रॅक्टरमध्यें मागची ओढ जमिनीपासून जितकी उंच बांधली असेल तितकी ती यंत्रास मागें पाडते.

याचा हिशेब सोपा आहे. ओढीस ओढीच्या कड्याच्या उंचीनें गुणावें, व पुढच्या-मागच्या आसांमधील अंतरानें भागावें. जो आंकडा येईल तितकें वजन पुढच्या चाकांवरून उतरतें. फोर्डसनच्या दोन आसांत 63 इंच अंतर होतें. समजा, पुढच्या चाकांवर 900 रत्तल वजन आहे, आणि नांगराची ओढ 1,260 रत्तल आहे. कडें जमिनीपासून 15 इंचांवर असेल, तर 1,260 गुणिलें 15 भागिलें 63, म्हणजे 300 रत्तल उतरतात, व 600 शिल्लक राहतात. तेंच कडें 35 इंचांवर बांधलें, तर 700 रत्तल उतरून 200 च उरतात. आतां फाळ अडकून ओढ दीडपट, म्हणजे 1,890 रत्तल झाली असें धरा. खालच्या कड्यावर 450 उतरतील व 450 उरतील; ट्रॅक्टर ओढत राहील किंवा त्याचीं चाकें जाग्यावर फिरतील. वरच्या कड्यावर मात्र उतरणारें वजन 1,050 होतें, आणि पुढें होतें केवळ 900. यंत्र उठलेंच म्हणून समजावें. यंत्र तेंच आहे, जमीन व माणूसही तींच आहेत. कडें वीस इंच वर गेलें, एवढ्यावरच जीव आणि मरण ठरलें. चढावर हा हिशेब आणखी बिघडतो, कारण तेथें पुढचें वजन आधींच मागें झुकलेलें असतें.

दुसरें कारण ओढीवांचूनही घडतें. मागचीं चाकें चिखलांत रुतून जाम झालीं असतां एंजिनानें जोर केला, तर चाकें फिरत नाहींत, म्हणून त्यांच्या आसाभोंवतीं सारें यंत्रच फिरूं पाहतें. रुतलेल्या चाकास लांकूड किंवा बल्ली बांधून पुढें काढण्याची जी रीत कोठें कोठें दिसते, ती याच कारणानें घातक आहे. पुढचा भाग एका मर्यादेपलीकडे उठल्यावर यंत्र उलटण्यास दीड सेकंदही पुरतो. तेवढ्यांत क्लच दाबूं असें कोणी धरून चालूं नये.

त्रिकोणी जोडणीची युक्ति

हा दोष ज्यांनीं मुळापासून ओळखला ते आयर्लंडचे हॅरी फर्ग्युसन. महायुद्धाच्या काळांत त्यांजकडे ट्रॅक्टर-नांगरटीच्या सुधारणेचें काम आलें होतें. त्यांनीं पाहिलें कीं, नांगर गाडीसारखा साखळीनें मागें बांधला आहे हीच चूक आहे. तो यंत्राच्या अंगाचाच भाग झाला पाहिजे. पुष्कळ वर्षांच्या प्रयत्नानें त्यांनीं खालीं दोन दांडे व वर एक, अशी तीन बिंदूंची जोडणी सिद्ध केली. नांगर जमिनींत ओढला जात असतां त्याचा वरचा भाग पुढें कलूं पाहतो. तो वरच्या दांड्यास पुढें रेटतो, आणि हा रेटा ट्रॅक्टरचें नाक खालीं दाबतो. जी ओढ पूर्वीं यंत्रास उलार करी, तीच आतां त्यास जमिनीवर धरूं लागली. शिवाय वरच्या दांड्यावरचा रेटा वाढला कीं तेलाच्या दाबाची कळ आपोआप नांगर थोडा उचले, व खोली सांभाळली जाई. ही जोडणी घेऊन त्यांचा ट्रॅक्टर 1936 मध्यें बाजारांत आला, व 1939 मध्यें ती फोर्डच्या यंत्रावरही चढली.

आमच्या शेतकऱ्यास ही कल्पना परकी नाहीं. लांकडी नांगराच्या हळसावर जूं पुढें-मागें बांधून फाळाची खोली कमी-जास्त करणारा कुणबी, ओढ कोठें बांधावी यावर सारें काम अवलंबून आहे हें पिढ्यान् पिढ्या जाणत आला आहे. त्यानें तेंच ज्ञान लोखंडी यंत्रास लावावयाचें आहे.

मुंबईस बनलेला ट्रॅक्टर

फोर्डसनशीं अमेरिकेंत ज्या कंपनीनें टक्कर दिली ती इंटरनॅशनल हार्वेस्टर. फोर्डनें किंमत उतरविली तेव्हां तिनें ट्रॅक्टरबरोबर नांगर फुकट देऊं केला, व 1924 मध्यें उभ्या पिकांच्या ओळींतून चालणारा 'फार्मॉल' काढला. याच कंपनीच्या ट्रॅक्टरनें पुढें महाराष्ट्रांत पाऊल टाकलें. 1963 मध्यें महिंद्र, व्होल्टास व इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनीं मिळून मुंबईस 'इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया' स्थापन केली, व 'बी-275' हा ट्रॅक्टर बनविण्यास घेतला. ती कंपनी 1977 मध्यें महिंद्रांत विलीन झाली. आतां हा ट्रॅक्टरही जुन्या काळांतला झाला. तरी त्याच्या ठेवणीचीं यंत्रें गांवोगांवीं अद्याप पाहावयास मिळतात.

फोर्डसनशीं त्याची तुलना करून पाहावी. सांगाडा तोच, ओतीव अंगें जोडलेला. एंजिन चार सिलिंडरांचेंच, पण डिझेलचें, सुमारें 35 अश्वशक्तीचें. ठिणगी नाहीं, मॅग्नेटो नाहीं, दाबानें तापलेल्या हवेंतच तेल पेटतें. तीन गतींच्या जागीं पुढच्या आठ व मागच्या दोन आल्या. मागच्या दोन्ही चाकांस स्वतंत्र ब्रेक आले, म्हणजे शेताच्या टोकास एकच पाय दाबून थोड्या जागेंत वळतां येतें. हाच गुण रस्त्यावर दोष होतो. वेगांत एकच ब्रेक लागला तर यंत्र आडवें पडतें. म्हणून रस्त्यास लागण्यापूर्वीं दोन्ही पायपट्ट्या खिटीनें जोडून घ्याव्या. एक चाक घसरूं लागल्यास दोन्ही चाकें बरोबर फिरविणारी कळही त्यांत होती. ती सरळ जातांनाच लावावी, वळतांना सोडावी.

आणि मागें तीन बिंदूंची जोडणी आलीच. परंतु येथेंच नवा धोका उत्पन्न झाला. वरच्या दांड्याचें कडें आसाहून उंच, हाताशीं सोयीचें असतें. खोड उपटावयाचें असो वा रुतलेली ट्रॉली ओढावयाची असो, घाईंत साखळी त्याच कड्यास बांधली जाते. नांगर जोडलेला असतां त्या कड्यावर पुढें रेटा येतो व तो तारतो. साखळी बांधली असतां त्याच कड्यावर मागें ओढ येते व ती मारते. वर केलेला हिशेब येथें अक्षरशः लागू आहे.

ध्यानांत ठेवण्याचे नियम

1. ओढावयाची कोणतीही वस्तु मागच्या खालच्या ओढपट्टीसच बांधावी. वरच्या दांड्याच्या कड्यास किंवा आसाच्या घरास साखळी कधींही बांधूं नये.

2. ओढ सुरू करतांना क्लच हळू सोडावा. झटका दिल्यास क्षणभर ओढ कैक पटींनीं वाढते.

3. रुतलेला ट्रॅक्टर शक्य तों मागें काढावा. न निघाल्यास चाकांपुढची माती उकरावी किंवा दुसऱ्या यंत्रानें ओढवावा. चाकास लांकूड बांधूं नये.

4. चढावर जड ओझें घेऊन पुढें जाण्यापूर्वीं पुढच्या अंगास वजनें लावावीं. उतारावर गिअर काढून यंत्र मोकळें सोडूं नये.

5. बांधाच्या व नाल्याच्या कडेपासून निदान कडेच्या खोलीइतकें अंतर ठेवून वळावें.

6. चाकावरच्या पत्र्यावर कोणासही बसवूं नये. मूल तर नाहींच नाहीं.

7. स्वीडन देशानें 1959 पासून नव्या ट्रॅक्टरांवर हांकणाऱ्याभोंवतीं पोलादी चौकट बसविणें सक्तीचें केलें, व तेथें उलटून होणारे मृत्यु पुष्कळ घटले. आपल्याकडील बहुतेक जुन्या ट्रॅक्टरांवर अशी चौकट नाहीं. नवा घेतांना ती मागून घ्यावी, व चौकट असेल तेथें पट्टाही बांधावा. पट्ट्यावांचून चौकटीचा पूर्ण उपयोग होत नाहीं.

8. भाड्यानें ट्रॅक्टर आणणारानें हांकणारास पहिले दोन नियम कामापूर्वीं विचारावे. उत्तर न आल्यास ते स्वतः सांगावे, आणि साखळी कोठें बांधली आहे हें आपल्या डोळ्यांनीं पाहून मगच काम सुरू होऊं द्यावें. शेत आपलें आहे. त्यांत राबणाऱ्या माणसाच्या जिवाची चौकशीही आपणच करावयाची आहे.